गिअरच्या गाडीला घाबरायचं कशाला?



गटाच्या बैठकीत आम्ही विचारतो, "मोटारसायकल कोणाकोणाच्या घरी आहे?" बरेच हात वर होतात. "चालवता कोणाला येते?" म्हटलं की सगळे हात खाली. एखादी म्हणते, "ताई, स्कूटी येते, पण गिअरचं काही जमत नाही." कारभारी बसने परगावी गेलेले, लेकराला ताप, आणि गाडी दारात नुसती उभी. म्हणून आज आपण गिअर समजून घेऊ.

आधी सायकल पाहू. पायडलजवळ एक दातेरी चक्र असतं, मागच्या चाकाला दुसरं, आणि दोन्हींवरून चेन फिरते. पुढच्या चक्राला 44 दाते आणि मागच्याला 22 असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक दोनदा फिरतं. मागे 11 दात्यांचं चक्र असेल तर चारदा. चारदा फिरलं की सायकल लांब पळते, पण पायाला जोर लागतो. दोनदा फिरलं तर कमी पळते, पण चढ सोपा जातो. गिअरच्या सायकलला मागे अशी लहानमोठी चक्रं असतात. चेन एकावरून दुसऱ्यावर सरकवली की गिअर बदलला. मात्र तो पायडल फिरत असताना, चढ लागण्याआधीच बदलावा.

मोटारसायकलमध्ये आपल्या पायांच्या जागी इंजिन असतं, एवढाच फरक. पहिला गिअर ताकदीचा, शेवटचा वेगाचा. उभी गाडी हलवायला ताकद लागते, म्हणून सुरुवात पहिल्यापासून.

आता क्लच. दोन ताटं समोरासमोर धरली आहेत असं समजा. एक इंजिनाबरोबर फिरतंय, दुसरं चाकाकडे जोडलेलं, थांबलेलं. क्लच दाबला की ताटं वेगळी होतात, सोडला की एकमेकांना चिकटतात. एकदम चिकटवली तर गाडी झटका देते नाहीतर बंद पडते. हळूहळू टेकवली तर गाडी अलगद निघते. म्हणजे सगळी कला डाव्या हाताची आहे. त्याला ताकद लागत नाही, सवय लागते.

गाडी न्यूट्रलला सुरू करा. क्लच पूर्ण दाबा, डाव्या पायाने पहिला गिअर टाका. थोडी रेस देत क्लच हळूहळू सोडा. गाडी सरकू लागली की हात तिथेच क्षणभर थांबवा, मग पूर्ण सोडा. पुढचा गिअर टाकताना रेस कमी करा, क्लच दाबा, गिअर टाका, क्लच सोडत पुन्हा रेस द्या. काही गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबून पडतात, काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर. आपल्या गाडीचं आधी विचारून घ्या.

गिअर कधी बदलायचा हे कान सांगतो. इंजिन किंचाळू लागलं तर वरचा गिअर मागतंय. गाडी धापा टाकत थरथरू लागली तर खालचा. चढावर दम तुटायच्या आधीच खालचा टाका. उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये असलेलं इंजिन गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो.

लायसनचंही ऐका. बिनगिअरच्या गाडीचं लायसन गिअरच्या गाडीला चालत नाही. गिअरच्या गाडीसाठी 18 वर्षं पूर्ण हवीत. आधी शिकाऊ लायसन निघतं, ते 6 महिने चालतं. 30 दिवसांनंतर पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. शिकतानाही आयएसआय खुणेचं हेल्मेट घाला. पदर किंवा ओढणी चेनमध्ये, चाकात जाणार नाही अशी घट्ट खोचा. निघण्याआधी साइड स्टँड वर केलाय का, तेही पाहा.

शिकायला मोकळं, सपाट मैदान निवडा आणि गाडी चांगली येणारं माणूस सोबत घ्या. पहिले दोन दिवस फक्त पहिला गिअर: निघायचं, थांबायचं, पुन्हा निघायचं. गाडी दहा वेळा बंद पडेल. पडू द्या, पुन्हा सुरू करा. हात बसला की मग दुसरा गिअर.

पुढच्या बैठकीत आम्ही पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहोत. चालवता कोणाला येते? तेव्हा प्रत्येक गटातून निदान दोन हात वर दिसू देत.