किती युनिट, आणि कोणत्या सिरिंजने?

इन्सुलिनच्या 10 मिलिच्या काचेच्या बाटलीवर बहुधा ‘40 आययू/मिलि’ असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. पेनमध्ये बसणाऱ्या 3 मिलिच्या कार्ट्रिजवर मात्र 100. औषधाचं नाव तेच असलं, तरी ताकद अडीच पट. म्हणून 40 साठी लाल टोपणाची सिरिंज आणि 100 साठी नारिंगी टोपणाची. चिठ्ठीवर ‘20 युनिट’ लिहिलंय, पेन बिघडलंय आणि घरच्यांनी कार्ट्रिजमध्ये लाल टोपणाची सिरिंज खुपसून 20 च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर अर्धा मिलि, म्हणजे तब्बल 50 युनिट अंगात जातात. उलट 40 च्या बाटलीला नारिंगी टोपणाची सिरिंज लावली, तर 20 ऐवजी 8 च जातात. पहिल्या चुकीत माणूस काही तासांत बेशुद्ध पडू शकतो. दुसरीत साखर चढलेलीच राहते आणि डोस वाढवला जातो. मग एक दिवस योग्य सिरिंज हाती येते आणि तो वाढीव डोस पुरेपूर लागू होतो. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडे ही अदलाबदल सहज घडू शकते. सरकारी दवाखान्यातली बाटली संपली की माणूस बाजारातून मिळेल ते आणतो. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेल्या कातकरी कुटुंबाचा तर दवाखानाच बदलतो.

त्यामुळे कोणतं इन्सुलिन उत्तम, या प्रश्नाआधी ते कोणाच्या दिवसात बसवायचं आहे, हे विचारायला हवं. सर्रास दिलं जाणारं 30/70 हे मिश्रण पाहा. त्यातला 30 टक्के भाग अर्ध्या तासात काम सुरू करतो, म्हणून ते जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायचं. उरलेला 70 टक्के भाग एनपीएच या गढूळ, सावकाश चालणाऱ्या इन्सुलिनचा. त्याचा जोर चारेक तासांनी चढतो आणि बराच वेळ टिकतो. सकाळी टोचलं तर तो जोर नेमका दुपारी. भाताच्या आवणीच्या दिवसांत त्याच वेळी माणूस चिखलात वाकलेला असतो आणि जेवण लांबलेलं असतं. मेहनतीने साखर आधीच उतरलेली, त्यात औषधाचा जोर. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी हे सगळं थकव्यावर ढकललं जातं. उन्हाळ्यात ठरवलेला डोस आवणीला जड पडू शकतो, तेव्हा पावसाआधीच डॉक्टरांशी बोलून तो पुन्हा ठरवावा. स्वतःच्या मनाने इन्सुलिन बंद करणं मात्र घातक. टाइप 1 च्या रुग्णाचा जीव त्यात काही दिवसांत जाऊ शकतो. हे गढूळ औषध भरण्याआधी बाटली दोन्ही तळहातांत दहा-वीस वेळा हळू घोळवावी लागते. पांढरा साका तळाशीच राहिला तर आज डोस फिका, उद्या तिखट.

यावर कोणी म्हणेल, मग सगळ्यांना नवी इन्सुलिनं द्या. मागणी रास्त आहे. ग्लार्जिनसारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनने रात्री साखर घसरण्याचा धोका कमी होतो आणि 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशी इन्सुलिनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. पण ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. ‘स्वच्छ ते लवकर लागू होणारं, गढूळ ते सावकाश’ ही जुनी खूण त्याने मोडली, आणि सिरिंजचा घोळ तर तसाच राहतो. दुसरा आक्षेप फ्रिजचा: वीज जाते, पाड्यावर फ्रिज नाही, तिथे इन्सुलिन कसं द्यायचं? न उघडलेल्या बाटल्यांना 2 ते 8 अंशांची थंडी हवीच; त्या दवाखान्यात ठेवता येतात. वापरातल्या बाटलीसाठी केनियातल्या दादाबच्या निर्वासित छावणीचा दाखला आहे. तिथल्या घरांतलं तापमान धरून केलेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 25 ते 37 अंशांत चार आठवडे ठेवलेलं इन्सुलिन टिकलं. आपल्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवता येईल. अर्थात मडकं ओलं ठेवायला पाणी लागतं, आणि तानसा-भातसा धरणांचं पाणी मुंबईला जात असताना शहापूरचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. इथल्या मधुमेहाच्या उपचारात पाणीटंचाईही मोजायला हवी.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘20 युनिट’च्या पुढे ‘40 ची बाटली, लाल टोपण’ एवढे शब्द मराठीत लिहावेत आणि औषध दुकानदाराने बाटली देण्याआधी घरी कोणती सिरिंज आहे ते विचारावं. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा आजच जुळवून पाहा. आणि घाम-थरथर सुटली तर लगेच खाता यावी म्हणून शेतावर जाताना तीन-चार चमचे साखरेची पुडी कमरेला असू द्या.