बटण पुढे, पाठ मागे

मोटार घ्यायची ठरली की घरात चर्चा रंगते ती रंगाची, ॲव्हरेजची आणि हप्त्याची. बँकेत वाहनकर्जाच्या अर्जांवर सह्या करण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या साऱ्या काळात शॉकअपबद्दल एक शब्द काढणारा कर्जदार काही भेटला नाही. खरे तर हप्ते फिटेपर्यंत आजीची कंबर ज्याच्या भरवशावर राहायची, तो हाच शॉकअप. आता काही महागड्या गाड्यांत त्याच्यासाठी बटणच असते. कम्फर्ट, नॉर्मल, स्पोर्ट. विक्रेता ते दाबून दाखवतो, पडद्यावरचा रंग बदलतो, मंडळी खूश होतात. पण त्या बटणाने नेमके होते काय?

गाडीचे वजन तोलतात त्या स्प्रिंगा, किंवा जुन्या जीपला असत ते कमानपाटे. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि धक्का पोटात घेते. मात्र घेतलेले ती ठेवून घेत नाही, परत करते. आणि तेही एका हप्त्यात नाही. नुसत्या स्प्रिंगांवरची गाडी एका गतिरोधकानंतर कितीतरी वेळ खालीवर होत राहील. हे हिंदकळणे आवरायचे काम शॉकअपचे. नळकांडे, त्यात तेल, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक भोके. चाक वरखाली झाले की तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते, त्या ओढाताणीत हालचालीची उष्णता होते आणि गाडी स्थिरावते. खराब रस्त्यावरून बराच वेळ आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो, तो यामुळेच.

तेलाची वाट रुंद असली तर शॉकअप मऊ, अरुंद असली तर कडक. बटण बदलते ते एवढेच. गाडीची उंची तीच राहते, स्प्रिंगही तीच राहते. (काही गाड्यांत तेच बटण इंजिन आणि स्टिअरिंगचाही स्वभाव बदलते, ती गोष्ट निराळी.)

ही कल्पना आजची नव्हे. १९६३ साली आलेल्या आणि पुढच्याच वर्षी जेम्स बाँडच्या ‘गोल्डफिंगर’मध्ये झळकलेल्या ॲस्टन मार्टिन डीबी ५ मध्ये मागचे शॉकअप मऊ-कडक करण्याची सोय चालकासमोरच होती. १९८३ मध्ये टोयोटाने सोअरर या गाडीत हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे दिले. २००२ मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये तर भोकांना हात न लावता तेलच बदलले. त्यात लोखंडाचे सूक्ष्म कण; विजेने चुंबक जागा केला की ते एका रांगेत उभे राहतात आणि तेल घट्ट होते. डोळ्याचे पाते लवण्याआधी हे सारे घडते.

आता आपल्या कामाचे. ‘कम्फर्ट’ म्हणजे आराम, हे नेहमीच खरे नसते. गावातल्या गतिरोधकांवर, फुटक्या डांबरावर मऊ शॉकअप बरा, कारण पाठीच्या कण्याला सर्वांत जाच होतो तो सेकंदाला सुमारे चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या थरथरीचा. पण हाच मऊपणा घेऊन तुम्ही भरधाव वेगाने खंडाळ्याच्या वळणांवर गेलात, तर गाडी झुकते, हेलकावते आणि मागच्या सीटवर कुणीतरी लिंबू मागू लागते. चालकाला त्याचा पत्ता नसतो. त्याच्या हातात धरायला स्टिअरिंग असते आणि वळण आधी दिसते. म्हणून वेगाच्या रस्त्यावर थोडा कडकपणाच मागच्यांना मानवतो.

माझे मत विचाराल तर दर वळणावर बटणाशी खेळत बसण्यात अर्थ नाही. स्वतःहून जुळवून घेणारी सोय असेल तर ती तशीच राहू द्यावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखल झालेल्या महिंद्राच्या विजेवरच्या गाड्यांच्या वरच्या प्रतींत असे शॉकअप आले. त्याच कंपनीच्या २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० मध्ये तर बटणावाचूनच काम भागवले होते: चाकाला भराभर हादरे बसू लागले की शॉकअपमधली तेलाची जास्तीची वाट आपोआप उघडते, आणि गाडी संथपणे झुकत असेल तेव्हा ती बंदच राहते. विजेची तार नाही, पडदा नाही. मला ही युक्ती फार आवडली.

गाडी चालवून पाहायला जाल तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला मागे बसवा आणि शोरूमपुढचा गुळगुळीत रस्ता सोडून नेहमीच्या खड्ड्यांतून न्या. एकदा मऊ, एकदा कडक. नंतर कमरेचे वेगळे विचारा आणि पोटाचे वेगळे. जुनी गाडी घेत असाल तर चाकामागे वाकून शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का पाहा. साध्या शॉकअपपेक्षा हे बटणवाले बदलायला पुष्कळ महाग पडतात, तेव्हा किमतीची घासाघीस त्यानंतरच करा.