पंगत कोणाची, पत्रिका कोणाला?

बंधुभाव तपासायचा तर संस्थेच्या घटनेपेक्षा तिच्या निमंत्रणपत्रिका आणि पंगती पाहाव्यात. मुंबईत १८४३ साली फ्रीमेसन या गुप्ततेने चालणाऱ्या बंधुसंघातल्या जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार’ ही लॉज, म्हणजे शाखा, भारतीय सभासदांसाठी निघाली. म्हणजे सगळे बंधू, पण चूल वेगळी! जोतीराव फुल्यांनी १८७३ साली स्थापलेल्या सत्यशोधक समाजाची बंधुता मात्र लग्नमांडवात, पुढे जलशांत, चारचौघांत दिसली. फुल्यांची १८८७ची पूजाविधीची पुस्तिका हे भटजीविना लग्न लावण्याचे साधनच होते. तिथे गुप्तता, इथे प्रचार, मग तुलना कशी, असा आक्षेप येईल. माझ्या मते फरक नेमका तिथेच आहे: लॉजची पत्रिका निवडक हातांसाठी, सत्यशोधकांची पुस्तिका कोणाच्याही. बुलढाणा जिल्ह्यातल्या पंढरीनाथ पाटलांनी १९२७ साली फुल्यांचे चरित्र छापले, ते याच परंपरेत.