वार सुटत नाही तेव्हा

बाळ रडलं की सुईणीचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: "वार पडली का?" त्या तीन शब्दांमागे किती मोठा हिशेब आहे, हे आकडे पाहिल्यावरच कळतं.

पूर्ण दिवसांची वार म्हणजे अर्ध्या किलोची, जेवणाच्या ताटलीएवढी चकती. पण तिच्या बारीक अंकुरांचा पृष्ठभाग उलगडून पसरला, तर तो 12 चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे दहा बाय तेराची अख्खी खोली! एरवी मिनिटाला 50 मिलिलिटर रक्तावर भागवणाऱ्या गर्भाशयातून नवव्या महिन्यात दर मिनिटाला 500 ते 700 मिलिलिटर रक्त खेळतं. वार सुटली की गर्भाशय आवळतं आणि उघड्या पडलेल्या शंभरेक धमन्यांची तोंडं दाबून बंद करतं.

वार सुटते ती एका मऊ पातळ अस्तरावरून. जिथे जुन्या सिझरचा व्रण असतो, तिथे हे अस्तर पुन्हा नीट धरत नाही. मग वारेची मुळं थेट स्नायूला चिकटतात. हा अक्रिटा. स्नायूत शिरली तर इन्क्रिटा, आरपार जाऊन कधी मूत्राशयापर्यंत पोहोचली तर पर्क्रिटा. अशी वार ओढून काढायला गेलं की धमन्या उघड्याच राहतात.

1950च्या सुमारास अमेरिकेत हे 30,000 बाळंतपणांत एकदा घडतं असं मानत. रोज दोन बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरला अशी बाई 41 वर्षांत एकदा भेटली असती. शिकागोच्या एका रुग्णालयात 1982 ते 2002 या काळात हे प्रमाण 533त एक निघालं. 2016 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात ते 272त एक होतं. म्हणजे त्याच डॉक्टरला दर साडेचार महिन्यांनी एक! निदान सुधारलं, व्याख्या रुंदावली, हा त्यातला काही भाग. पण मुख्य कारण सिझरच. तिथे 1970 साली शंभरात साडेपाच बाळंतपणं सिझरने होत, आता 32च्या आसपास होतात.

मला सर्वांत हादरवणारे आकडे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या 30,132 सिझरच्या अभ्यासातले वाटतात. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर असेल आणि हे पहिलंच सिझर असेल, तर शंभरात तिघींची वार चिकटलेली निघाली. आधीचं एक सिझर असेल तर 11 जणींची. दोन असतील तर 40. तीन असतील तर 61. वार वरच्या बाजूला असेल तर मात्र एका जुन्या सिझरनंतरचा धोका हजारात दोघींएवढाच, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण वार कुठे आहे हे विचारलंच पाहिजे. क्युरेटिंग, फायब्रॉइडची शस्त्रक्रिया, टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, पस्तिशीनंतरचं गरोदरपण, यांनीही धोका वाढतो. जुना व्रण आणि खालची वार एकत्र आले, की धोका सर्वांत जास्त.

भारतात 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सिझरचं प्रमाण 21.5 टक्के आलं, 2005-06 साली ते 8.5 टक्के होतं. खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के. गरजेचं सिझर जीव वाचवतं, त्याबद्दल वाद नाही. मला काळजी वाटते ती मुहूर्त पाहून केलेल्या सिझरची, कारण त्याचा हिशेब दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला चुकता होतो.

सोनोग्राफीत शंका आली तर बहुतेकदा 34 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान, मोठ्या रुग्णालयात, ठरवून सिझर करतात, आणि वार तशीच आत ठेवून बऱ्याचदा गर्भाशयच काढावं लागतं. अशा शस्त्रक्रियेत 3 ते 5 लिटर रक्त जाऊ शकतं. आपल्याकडची रक्ताची पिशवी साधारण 350 मिलिलिटरची. पाच लिटर म्हणजे चौदा पिशव्या, एकाच बाईसाठी, तिला चालणाऱ्या गटाच्या, आणि त्या शस्त्रक्रिया सुरू होण्याआधी तयार हव्यात.