पायनी वुड्सच्या वादिका

मिसिसिपी राज्याची राजधानी जी जॅक्सन, तिच्या दक्षिणेस वीसएक मैल गेले म्हणजे पाइन वृक्षांचे जे रान लागते, त्या रानात १९०९ साली लॉरेन्स जोन्स नावाच्या एका कृष्णवर्णीय पदवीधराने लाकडाच्या ओंडक्यावर मोजकी मुले बसवून ‘पायनी वुड्स’ ही शाळा सुरू केली. पूर्वायुष्यात गुलाम असलेल्या एका वृद्धाने तिला चाळीस एकर जमीन आणि मेंढ्यांची एक मोडकी छपरी दिली, हीच काय ती तिची पहिली स्थावर मालमत्ता. ज्या मुलखात काळ्या मुलांच्या शिक्षणावर सरकारी खजिन्यातून पै खर्च करावयाची म्हटले तरी अधिकाऱ्यांच्या कपाळी आठी पडे, तेथे अशी संस्था चालविणे म्हणजे संस्थापकाने जन्मभर झोळी घेऊन हिंडणे आलेच. आणि जोन्स यांनी या भिक्षेकरीपणाला पहिल्यापासून संगीताची जोड दिली होती. शाळेतील विद्यार्थ्यांची ‘कॉटन ब्लॉसम सिंगर्स’ ही गायनपथके गावोगाव जाऊन गात आणि वर्गणी गोळा करून परत येत. पुढे आयना रे हटन या बाईंचा केवळ स्त्रियांचा जॅझ वाद्यवृंद गाजू लागला, तेव्हा भक्तिगीतांपेक्षा नाचाच्या संगीतासाठी लोकांची थैली अधिक सैल सुटते, हे या व्यवहारदक्ष मुख्याध्यापकांच्या ध्यानी आले. १९३७ साली त्यांनी शाळेतल्याच मुली निवडून एक वाद्यवृंद उभा केला. त्याचे भारदस्त नाव ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम’.

या वृंदाविषयी लिहिणारे बहुधा त्यातील वादिकांच्या धैर्याचे नवल करतात, आणि ते योग्यच आहे. तथापि मला त्याहून अधिक कुतूहल वाटते ते एका साध्या गोष्टीचे: त्या काळी, त्या प्रांतात, एखाद्या गरीब मुलीच्या हाती ट्राँबोन येत असे तरी कोठून? जॅझमध्ये स्त्री ही काही अपूर्वाई नव्हती. १८९८ साली मेम्फिसमध्ये जन्मलेल्या लिल हार्डिन पुढे लुई आर्मस्ट्राँगच्या पत्नी झाल्या खऱ्या, पण त्याआधीच शिकागोत किंग ऑलिव्हरच्या ताफ्यात त्या पियानोवर बसत होत्या. मेरी लू विल्यम्स यांनी अँडी कर्कच्या वृंदासाठी नुसता पियानो वाजविला असे नाही, तर त्याच्या रचनाही लिहिल्या. परंतु दोघींचेही वाद्य पियानो आहे, आणि यात योगायोगाचा भाग फार थोडा. पियानो हे दिवाणखान्यातले आणि चर्चमधले वाद्य. त्यापुढे सरळ बसता येते, चेहरा शांत ठेवता येतो, आणि घरातील मुलीला तो शिकविणे कुलीनतेचे लक्षण समजले जाई. ट्रम्पेट फुंकावयाचा तर गाल फुगतात, ओठांवर वळ उठतो, मानेच्या शिरा ताठतात. आणि ढोलांच्या मांडणीमागे बसणारीला हातपाय झाडावे लागतात. हे सारे बाईच्या जातीला अशोभनीय, असा समज त्या समाजात इतका रुजलेला होता, की ‘डाउनबीट’ या जॅझच्या प्रमुख नियतकालिकाने १९३८ साली स्त्री-वादक निकृष्ट का असतात याची कारणमीमांसा करणारा लेख खुशाल छापला. वाद्ये शिकण्याची शाळा म्हणजे पुरुषांचे ताफे. तेथे मुलीला प्रवेश नाही. आणि शिक्षण नाही म्हणून मग ती निकृष्ट! या न्यायाने कोणालाही निकृष्ट ठरविता येईल.

पायनी वुड्समध्ये हा बंद दरवाजा निव्वळ गरजेपोटी उघडला गेला. शाळेला पैसा हवा होता, पैशासाठी वृंद हवा होता, आणि वृंद म्हटला की कोणीतरी ट्राँबोन वाजवावयास हवाच. सबब तो एका मुलीच्या हाती देण्यात आला. ती मुलगी हेलन जोन्स. मुख्याध्यापकांची ही दत्तक कन्या १९२३ साली त्याच राज्यातील मेरिडियन येथे जन्मली होती, आणि वृंद उभा राहिला तेव्हा तिचे वय जेमतेम चौदा. विली मे वाँग हिची गोष्ट तर याहून बोलकी आहे. तिचे वडील चिनी. मुलीच्या अंगी संगीताचे नावही नव्हते. शाळेत आल्यावर तिच्या गळ्यात बॅरिटोन सॅक्सोफोन अडकविण्यात आला. हे वाद्य चांगलेच अवजड, आणि त्याचे काम मेळाचा तळ सांभाळण्याचे. ते तिने वर्षानुवर्षे बिनतक्रार केले. वृंदाच्या नावातले ‘इंटरनॅशनल’ हे अशाच मुलींमुळे आले होते. कोणाचे वडील चिनी, कोणाच्या घराण्यात मेक्सिकन वा मूळ अमेरिकी रक्त. या मिश्रणात जाहिरातीचे मोल आहे हे जोन्स यांनी बरोबर ओळखले. पॉलिन ब्रॅडी ही मेंडनहॉल या जवळच्याच गावची. आधी ती क्लॅरिनेट वाजवीत असे. नंतर तिला ड्रमवर बसविण्यात आले, आणि पुढे बिग सिड कॅटलेट व जो जोन्स यांच्यासारख्या नामांकित ढोलवादकांनी तिला चार युक्तीच्या गोष्टी सांगितल्या.

मुली वाजवू लागल्या, दूरदूर हिंडू लागल्या, आणि मिळकत शाळेकडे धाडू लागल्या. इतके दिवस बाहेर राहिल्यावर वर्गातली हजेरी कशी भरणार? पदवीचा प्रश्न निघाला तेव्हा शाळेने हरकत घेतली. शाळेचाच पैसा कमावण्यापायी शाळेचे प्रमाणपत्र गमवावे, हा न्याय मुलींना रुचला नाही. १९४१ साली त्या शाळेशी फारकत घेऊन निघाल्या, त्या थेट वॉशिंग्टनच्या आसमंतात, व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथे जाऊन राहिल्या. बरोबर त्यांच्या देखरेखीसाठी नेमलेल्या रे ली जोन्स या बाई होत्या. यापुढे व्यवस्थेची मुखत्यारी त्यांच्याकडे गेली.

येथून वृंदाची जात बदलली. शाळकरी मुलींच्या शेजारी आता मुरलेल्या वादिका येऊन बसल्या, आणि त्यांची संगीताची पूर्वपीठिका निराळी होती. ॲना मे विनबर्न या इंडियानात वाढलेल्या; नेब्रास्कातील ओमाहा येथे त्यांनी पुरुषांच्या ‘कॉटन क्लब बॉइज’ या ताफ्याचे नेतृत्व केले होते. त्या ताफ्यात काही काळ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनही होता, यावरून त्याचा दर्जा लक्षात यावा. त्यातले चांगले वादक दुसऱ्यांनी पळविले, आणि बाईंनी या मुलींचे पुढारपण पत्करले. अर्नेस्टाइन डेव्हिस, जिला देहयष्टीच्या थट्टेने सारे ‘टायनी’ म्हणत, ती मेम्फिसची. शाळेच्या वयात ट्रम्पेट हाती धरून ती कॅन्सस सिटीच्या रात्रीच्या बैठकांत तयार झाली. तिचे वादन ऐकून आर्मस्ट्राँगने तिला कैक पट पगारावर आपल्याकडे बोलाविले आणि तिने मैत्रिणींना सोडण्यास नकार दिला, अशी हकीकत सांगतात. टेनर सॅक्सोफोन वाजविणारी व्हाय बर्नसाइड पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरची. ‘हार्लेम प्लेगर्ल्स’ या दुसऱ्या स्त्री-वृंदात तिची उमेदवारी झालेली. या सर्वांना एकजीव करण्यासाठी एडी ड्युरहॅम, जेसी स्टोन आणि मॉरिस किंग असे एकामागून एक कसबी मांडणीकार लाभले. ड्युरहॅमने काउंट बेसी आणि जिमी लन्सफोर्ड यांच्यासाठी रचना मांडल्या होत्या. तो शिकविणार म्हणजे लेखणीतली अदब आणि तालाची ओढ दोन्ही शिकविणार.

हे संगीत स्विंग या जातीचे. सोळा-सतरा वादिका तीन पंगतींत बसतात: सॅक्सोफोनची एक, ट्रम्पेटची एक, ट्राँबोनची एक, एका पंगतीने वाक्य टाकावे आणि दुसरीने ते झेलावे, मागे पियानो, बास, गिटार आणि ढोल यांनी लय चालती ठेवावी, आणि मध्येच एखादीने उभे राहून लिहिलेले सारे बाजूला सारीत स्वतःच्या मनातले वाजवावे. मराठी वाचकाच्या कानाला हा बाज अगदीच परका नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात अमेरिकेचे कृष्णवर्णीय वादक वाजवून गेले. त्यांचे वळण गोव्याच्या वादकांनी उचलले. आणि त्यांपैकी चिक चॉकलेट यांच्यासारख्यांच्या हातून ते सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’पर्यंत पोहोचले.

वृंद लोकप्रिय झाला. न्यूयॉर्कचे अपोलो, वॉशिंग्टनचे हॉवर्ड अशी कृष्णवर्णीय प्रेक्षकांची मोठमोठी थिएटरे त्यांनी भरविली. परंतु त्यांचे खरे बिऱ्हाड होते ती एक बस. आपल्याकडील जुन्या नाटक मंडळ्यांप्रमाणेच त्यांचे स्वयंपाकपाणी, झोप, भांडणे आणि तालमी यांना एकच छप्पर असे, मात्र त्यामागचे कारण वेगळे होते: दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीयांना हॉटेलात खोली मिळत नसे आणि खानावळीत बसू देत नसत, म्हणून बसमध्येच बिछाने टाकलेले. मेहनतान्याचा हिशेब विली मे वाँगने पुढे सांगितला आहे: जेवणासाठी रोजचा एक डॉलर आणि हातखर्चाला आठवड्याचा एक. म्हणजे आठवड्याकाठी आठ डॉलर! थिएटरे भरविणाऱ्या वादिकांची ही कमाई वाचून, शाळेची झोळी गेली पण ती भरण्याची रीत गेली नाही, असे म्हणावेसे वाटते.

१९४३ साली या बसमध्ये रोझ क्रॉन ही गोरी ज्यू मुलगी आली. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ती वाढली, लहानपणापासून सॅक्सोफोन शिकली, आणि गोऱ्या स्त्रियांच्या एका वृंदात नोकरीही करून आली. उत्तरेत जे तिला कधी पाहावे लागले नाही, ते दक्षिणेत पहिल्या प्रवासातच पुढे ठाकले. गोऱ्या व काळ्या माणसांनी एकत्र राहणे, जेवणे, प्रवास करणे तेथे कायद्याने गुन्हा होता. पोलीस डोकावू लागले की रोझने चेहऱ्यावर गडद रंग फासावा, आणि तिचे हिरवे डोळे काही केल्या झाकले जाऊ नयेत. टेक्सासमधील एल पासो येथे एका काळ्या सैनिकाबरोबर चालताना ती पकडली गेली आणि तिला रात्र कोठडीत काढावी लागली. आपण गोरी नाही, हे पटवून देण्यासाठी गोऱ्या मुलीने धडपडावे, असा हा अजब कायदा होता.

महायुद्धाने पुरुषांचे ताफे विस्कटले आणि स्त्रियांना मागणी वाढली. सैनिकांसाठी होणाऱ्या ‘जुबिली’ या नभोवाणी कार्यक्रमात स्वीटहार्ट्स वाजवू लागल्या. तो ऐकून काळ्या पलटणींतील शिपायांनी पत्रे लिहिली. आणि १९४५ मध्ये वृंद युरोपात गेला. फ्रान्स व जर्मनीतील छावण्यांत तो कित्येक महिने हिंडला. परत आल्यावर काळ बदलला होता. पुरुष घरी परतले होते, मोठे वाद्यवृंद पोसणे परवडेनासे झाले होते, कित्येकींना संसार खुणावू लागला होता. १९४९ साली रे ली जोन्स वारल्या आणि स्वीटहार्ट्सचा कारभार आटोपला.

त्यापुढील आयुष्यांत मला हेलन जोन्सचे सर्वांत अधिक डाचते. ओमाहाच्या सिम्फनी वाद्यवृंदात तिला जागा मिळाली. गौर छटेच्या त्या बाईंना सर्वांनी गोरीच समजले. पहिल्या कार्यक्रमानंतर वडील न्यावयास आले, त्यांचा वर्ण दिसला, आणि नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी ट्राँबोन ठेवून दिला, आणि रुग्णसेविकेचे काम सुमारे तीस वर्षे केले. २०२० साली, शहाण्णवाव्या वर्षी, त्या कोविडच्या महामारीत गेल्या. टायनी डेव्हिसने मात्र वाद्य सोडले नाही. ‘हेल डायव्हर्स’ हा स्वतःचा ताफा काढला, आणि आपली जीवनसंगिनी रुबी लूकस हिच्यासह शिकागोत क्लब चालविला. व्हाय बर्नसाइडनेही स्वतःचा वृंद चालविला. कार्लाइन रे ही शेवटच्या पर्वात, १९४६ साली, जुइलियर्ड या न्यूयॉर्कच्या संगीतशाळेतून थेट आलेली गिटारवादिका. तिचे वडील हे जेम्स रीस युरोप या वृंदनायकाच्या प्रख्यात ताफ्यातील वादक, त्यामुळे वाद्य तिला घरातच सापडले. पुढे तिने पदव्युत्तर शिक्षण घेतले, बासही आत्मसात केला, आणि २०१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती संगीतातच राहिली. तिची कन्या कॅथरीन रसेल आज नामवंत गायिका आहे. म्हणजे ज्यांना घरातून किंवा रात्रीच्या बैठकांतून वाद्य मिळाले होते, त्यांच्या हातून ते सहजासहजी सुटले नाही. शाळेने हाती दिलेले वाद्य मात्र हेलनच्या हातून गेले.

१९८० साली कॅन्सस सिटीच्या स्त्रियांच्या जॅझ महोत्सवात, पियानोवादिका मॅरियन मॅकपार्टलंड यांच्या पुढाकाराने, या वादिका पुन्हा एकत्र जमल्या. नंतर १९८६ साली त्यांच्यावर एक माहितीपट निघाला. व्यापारी तबकड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या होत्या. जे उरले त्यात ‘जुबिली’च्या ध्वनिमुद्रणांचा मोठा वाटा आहे. कोणी ऐकणार असेल, तर व्हाय बर्नसाइडसाठी ‘व्हाय व्हिगर’ आणि पॉलिन ब्रॅडीसाठी ‘ड्रम फँटसी’ यांपासून आरंभ करावा, आणि पहिल्या वेळी वादिकांची नावे विसरून ऐकावे. कारण बायका इतके चांगले कसे वाजवितात, या नवलाने त्या जिवंत असतानाच त्यांच्या संगीताकडे बरेचसे दुर्लक्ष झाले होते.