शूची वाट : कवींची आणि धान्याची

चीन देशात वेई नदीच्या सपाट खोऱ्यात छांगआन ही प्राचीन राजधानी होती. तिलाच आज शिआन म्हणतात. तिच्या नैर्ऋत्येस शू, म्हणजे आजच्या सेचुआन प्रांताची सुपीक भूमी आहे. या दोहोंच्या मध्ये छिनलिंग व दाबा या पर्वतांच्या रांगा आडव्या पडल्या आहेत. त्या ओलांडणाऱ्या अनेक मार्गांना मिळून ‘शूची वाट’ असे नाव आहे. इ. स. पूर्व ३१६ साली छिन राज्याने याच बाजूने सैन्य नेऊन शू जिंकले.

जेथे कडा सरळ तुटलेला व खाली नदी, तेथे कड्यात भोके खोदून त्यांत लाकडी तुळया बसवीत व वर फळ्या अंथरीत. लाकूड कुजे, पुरात वाहून जाई, शत्रू जाळी. इ. स. पूर्व २०६ मध्ये ल्यू बांगने तर आपल्यामागचा हा फळ्यांचा मार्ग स्वतःच जाळविला.

या वाटेला अमर केले ते थांग काळातील कवींनी. ली बाय (७०१–७६२) याने तिच्या बिकटपणावरच दीर्घ काव्य रचिले. त्यात शिखरे, दऱ्या व वाटसरूच्या मनातील भय एकवटले आहे. तू फू हा कवी ७५९ साली बायकामुलांसह याच पर्वतांतून चेंगदूस गेला आणि त्याने प्रवासातील टप्प्याटप्प्यांवर कविता लिहिल्या. पहिल्याच्या काव्यात वाटेची भव्यता आहे; दुसऱ्याच्या काव्यात थकलेल्या कुटुंबाची पायपीट आहे.

आम्हा धान्याच्या व्यापाऱ्यांस मात्र तिसरी कथा अधिक बोलकी वाटेल. शू राज्याचा प्रधान झुगे लियांग याने २२८ पासून उत्तरेवर स्वाऱ्या केल्या. त्याची खरी अडचण होती ती धान्य पोचविण्याची. २३१ साली धान्यपुरवठा सांभाळणारा अधिकारी ली यान याला पावसामुळे धान्य पोचविता येईना. त्याने सैन्य परत बोलाविले आणि मग, धान्य भरपूर असता सैन्य का परतले, असा आव आणिला. प्रधानाने त्याच्याच हातची पत्रे पुढे ठेविली. ली यान पदच्युत झाला. धान्य वाहण्यासाठी प्रधानाने ‘लाकडी बैल’ नावाचे वाहन योजिले. पुष्कळ विद्वान त्यास एक प्रकारची हातगाडी मानतात. अखेर २३४ साली त्याने वेई नदीकाठी सैनिकांकडूनच शेती करविली. त्याच वर्षी तो छावणीत मरण पावला.

प्रधानाचे नाव राहिले, कवींची राहिली. पाठीवर पोती घेऊन त्या फळ्यांवरून गेलेल्यांपैकी एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही. १९५८ साली बावजी–चेंगदू हा ६६९ किलोमीटरांचा लोहमार्ग खुला झाला. २०१७ पासून शिआनहून चेंगदूस वेगवान आगगाडीने सुमारे चार तासांत जाता येते. वाट सोपी झाली म्हणून वाहणाऱ्याचे श्रम कोठेच संपलेले नाहीत. आपल्या गोदामात उतरणाऱ्या प्रत्येक पोत्याच्या भावात कोणाच्या तरी वाटेचा वाटा असतो. हमाली व भाडे चुकते करिताना हात आखडता घेण्यापूर्वी व्यापारी बंधूंनी त्या वाटेचे स्मरण करावे, एवढीच विनंती.