नांगराच्या कारखान्यातून निघालेलं मासिक

सणसर हे बारामती–इंदापूर रस्त्यावरचं गाव. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं आणि मुक्काम सणसरला पडतो. गावाजवळ भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे, आणि शिवार पिकतं ते ब्रिटिश काळात खोदलेल्या नीरा डाव्या कालव्यावर. कालव्याच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटणार, उसाला दर काय बसणार, दिंडीच्या जेवणाचं कोण बघणार, हे सगळं इथे एकाच ओसरीवर, एकाच बैठकीत बोललं जातं. राजकारण, धंदा आणि संस्कृती असे वेगळे कप्पे गावाने कधी केलेच नाहीत.

हे कप्पे कागदावरही मोडता येतात, हे मराठीत कुणी दाखवलं? एखाद्या पुढाऱ्याने नव्हे की प्राध्यापकाने नव्हे. नांगर बनवणाऱ्या कारखान्याने!

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केले, तेव्हा शेतकरी ते घेईनात. लोखंडाने जमिनीला विष चढतं, असा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर, 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. नुसता चांगला माल करून भागत नाही, गिऱ्हाइकाच्या मनातली भीतीही काढावी लागते, हे या घराण्याइतकं कुणाला कळलं असेल?

तिथूनच 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजेच शंवाकि. हाडाचे चित्रकार, आणि कारखान्याच्या मालाची विक्रीही तेच पाहत. आरंभी ते कारखान्याचं माहितीपत्रच होतं: यंत्रं, अवजारं, गिऱ्हाइकांशी संवाद. पण शेतकऱ्याशी अवजाराबद्दल बोलायचं तर त्याच्या रूढींबद्दल, कर्जाबद्दल, घरातल्या बाईच्या शिक्षणाबद्दल बोलणं टाळता येत नाही. पानं वाढत गेली. उद्योगाच्या लेखाशेजारी कथा आली, सामाजिक वाद आले. विज्ञाननिष्ठेचा आग्रह धरणारे सावरकरांचे धारदार निबंध याच मासिकात आले. नाव पुढे नुसतं ‘किर्लोस्कर’ झालं. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही भावंडं जन्मली. पुढे ‘स्त्री’च्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी 1989 मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. एका माहितीपत्राचा वंश स्त्रीमुक्तीच्या चळवळीपर्यंत पोचावा, याचं मला आजही नवल वाटतं.

आणि या सगळ्याची सुरुवात झाली मुंबई-पुण्यापासून दूर, एका माळावरच्या वसाहतीत. मोठ्या नियतकालिकाला मोठं शहर लागतं, हा समज तिथे निकालात निघाला. त्याला लागतो तो कामात बुडालेला माणूस आणि त्याच्या प्रश्नांची खरी ओळख. कालवा, कारखाना आणि पालखी ज्या पट्ट्यात एकत्र आहेत, तिथे अशा मासिकाला विषयांची वाण पडणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

गावच्या एखाद्या जुन्या वाचनालयात ‘किर्लोस्कर’चे बांधीव अंक सापडले, तर जरूर उघडा. जाहिराती मात्र वगळू नका. त्या काळी घराघरांत काय नवं येत होतं, ते तिथेच दिसतं.